२४० वॅटच्या एसएमपीएसवर सायबरपंक

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसातून निघालेला, कंपनीकडूनच तयार आलेला टॉवर डेस्कटॉप हाताशी आहे. आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क आणि २४० वॅटचा एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा डबा). त्यात आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड टाकून सायबरपंक २०७७ हा गेम खेळायचाय, आणि पैसे बेताचे आहेत.

३०६० घेऊ नका. कार्ड उत्तम आहे, पण त्याचं पोट भरेल एवढी वीज तुमच्या डब्यात नाही. त्या कार्डाला १७० वॅट लागतात, प्रोसेसरला ६५, आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरून तीस-चाळीस. बेरीज २४० च्या पुढे गेलीच. शिवाय त्याला वेगळी ८ पिनची वायर लागते, आणि ऑफिसच्या मशिनमधल्या एसएमपीएसला ती बहुतेक नसतेच.

‘मग एसएमपीएसच बदलतो’ हा पुढचा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. आधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डला जाणारी मुख्य वायर बघा. बाजारातल्या एसएमपीएसची २४ पिनची असते. या कंपन्यांच्या मशिनमध्ये ती बऱ्याचदा सहा किंवा आठ पिनची, त्यांच्या स्वतःच्या पद्धतीची निघते. जोडणारी अ‍ॅडॉप्टर वायर मिळते, पण नवा एसएमपीएस त्या खाचेत मावेल आणि स्क्रूची भोकं जुळतील याची खात्री नसते. नाही जुळलं तर कॅबिनेट बदला. नव्या कॅबिनेटची पॉवर बटणाची वायर जुन्या बोर्डाला लागत नाही, म्हणून बोर्ड बदला. असं करत करत शेवटी जुन्या मशिनचा फक्त प्रोसेसर उरतो.

आणि एक हात जोडून सांगतो: साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरून कार्डाला वीज देणारी अ‍ॅडॉप्टर वायर स्वस्तात मिळते, ती घेऊ नका. मी घेतली होती. साटाचा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटसाठी बनवलेला असतो आणि कार्डाचा ८ पिनचा कनेक्टर १५० वॅटपर्यंत ओढू शकतो. तिसऱ्या दिवशी खोलीत प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. कनेक्टर वितळून डिस्कला चिकटला होता. कार्ड वाचलं ते नशिबानं.

तर हिशेब उलटा करायचा. गेमला काय हवं ते नंतर, एसएमपीएस काय देऊ शकतो ते आधी. ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो वेगळ्या वायरीशिवाय ७५ वॅटपर्यंत देतो. त्या मर्यादेत बसणारी कार्डं मोजकीच आहेत, आणि त्यांत तुमच्यासाठी माझं मत आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीवाल्या आवृत्तीला. ती ७० वॅटमध्ये चालते. घेताना डोळ्यांत तेल घाला, कारण त्याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे. ते १३० वॅटचं आहे, त्याला वेगळी वायर लागते. दोन्हींच्या खोक्यावर ‘३०५०’ मोठ्या अक्षरात आणि फरक बारीक अक्षरात असतो. जुनं घेत असाल तर कार्डाच्या कडेला पॉवरचा कनेक्टर नाही ना, हे फोटोत बघूनच पैसे द्या.

बाकीची का नकोत तेही सांगतो, कारण दुकानदार तीच पुढे करेल. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. नव्या बोर्डावर ते चालून जातं. तुमचा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या स्लॉटचा, तिथे ४ जीबी मेमरी भरली की कार्ड रॅमकडे धावतं आणि त्या अरुंद वाटेत अडकतं. आर्क ए३८० तर सायबरपंकच्या किमान यादीतच (गेम चालायला निदान काय लागतं, त्या यादीत) आहे, त्यामुळे मोह होईल. पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं आणि सहाव्या पिढीच्या ऑफिस बोर्डात ते मिळण्याची आशा धरू नका. त्याशिवाय हे कार्ड अर्ध्या ताकदीनं चालल्यासारखं वाटतं. जीटीएक्स १६५० चालेल, पण ४ जीबी मेमरी आता कमी पडते आणि त्यात डीएलएसएस (चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून एआयनं मोठं करणारी सोय) नाही. तुमच्यासारख्या मशिनला डीएलएसएसचाच सर्वांत मोठा आधार आहे.

पण कार्ड सगळ्यात आधी घेऊ नका. पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कचा. सायबरपंकच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, किमान यादीतच एसएसडी आहे. हार्ड डिस्कवर गाडी वेगात चालवली की समोरची इमारत तुम्ही पोचल्यावर उगवते. बोर्डावर एम.२ चा स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची खाच) असेल तर ती घ्या, नसेल तर साधी साटा एसएसडीही पुरते. गेममध्ये दोघींतला फरक तुम्हाला फारसा कळणार नाही. दुसरा खर्च रॅमचा. किमान यादी १२ जीबी म्हणते, म्हणून ८ जीबीची आणखी एक पट्टी लावा. दोन पट्ट्या झाल्या की ड्युअल चॅनेलही, म्हणजे रॅमकडे दुहेरी वाट, मिळतं. एकाच पट्टीवर मशीन एका पायावर लंगडत असतं.

आता प्रोसेसर, आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे. किमान यादीत आय७-६७०० आहे. तो तुमच्याच सॉकेटचा, तितक्याच ६५ वॅटचा. कोअर चारच, पण थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) चारऐवजी आठ. सध्याच्या पंख्यावर तो निभावतो, नुसती थर्मल पेस्ट नवी लावा आणि हीटसिंकमधली धूळ काढा. (ऑफिसच्या मशिनमध्ये धुळीची गादी तयार झालेली असते, काढल्यावर स्वतःलाच लाज वाटते.) ‘के’ लावलेला ६७००के टाळा, तो ९१ वॅटचा आहे. आणि कुणी म्हणालं की आय७-८७०० टाका, सॉकेट एकच आहे, तर ऐकू नका. एलजीए ११५१ च असूनही आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. तो बसतो मात्र व्यवस्थित, आणि म्हणूनच लोक फसतात. प्रोसेसर बदलण्याआधी बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या.

तो बदलायचाच का, हे कार्ड लावल्यावर ठरवा. एमएसआय आफ्टरबर्नर (कार्ड आणि प्रोसेसरवर किती भार आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून अर्धा तास गेममधल्या भर वस्तीत फिरा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर सावकाश असेल तर तो खर्च वाचला. उलट प्रोसेसर शंभरवर, कार्ड साठ-सत्तरवर आणि गर्दीत धक्के बसत असतील तर आय७ घ्या. मला वाटतं दुसरंच होईल, कारण हा गेम चार थ्रेडवर खूप कुरकुरतो. आय७ येईपर्यंत सेटिंग्जमध्ये गर्दीचं प्रमाण कमी करा, प्रोसेसरला लगेच श्वास मिळतो.

बाकी सेटिंग्ज: १०८०पी, रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करणारी सोय) बंद, डीएलएसएस क्वालिटीवर. टेक्श्चर मध्यम ठेवा, सावल्या, ढग आणि धुकं खाली. सेकंदाला साठ फ्रेमच्या मागे लागू नका. चाळीसवर बांधून घ्या. पन्नास-तीस-पन्नास अशा हिंदकळण्यापेक्षा ते डोळ्यांना बरं वाटतं.

हे मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून जे पुढच्या मशिनमध्ये नेता येईल, त्यावरच जास्त पैसे घाला. एसएसडी आणि कार्ड नेता येतात, आय७ नाही. तो जुनाच आणि स्वस्त मिळाला तरच घ्या. २०२४ पासूनचे काही गेम रे ट्रेसिंगशिवाय सुरूच होत नाहीत. इंडियाना जोन्सचा गेम त्यातलाच, आणि त्याच्या किमान यादीतलं कार्ड ३०५० च्या वरचं आहे.

कार्ड मागवण्याआधी कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. लावल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टमध्ये घाला, बोर्डाच्या नाही. हसू नका, मी पहिले दोन दिवस प्रोसेसरमधल्या इंटेलच्या ग्राफिक्सवर खेळून कार्डाला शिव्या घालत होतो.