वाचक विचारतात : एकाच प्लेटवर दोन होलोग्राम

प्रश्न : होलोग्राफिक डेटा साठवणीचं (लेसरने एकाच थरात अनेक चित्रं साठवण्याचं) प्रात्यक्षिक म्हणून आम्ही हीलियम-निऑन लेसरने एकाच सिल्व्हर हॅलाइड प्लेटवर दोन चित्रं घेतली. दुसऱ्या वेळी प्लेट ३ अंश फिरवली. तरी पाहताना दोन्ही एकदमच दिसतात. चूक कुठे? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : तुमची मांडणी चुकलेली नाही, प्लेटवरचा थर पातळ आहे. थर जितका पातळ, तितकं एक चित्र विझवायला प्लेट जास्त फिरवावी लागते. अशा प्लेटचं इमल्शन (उजेड टिपणारा थर) साधारण ७ मायक्रॉन जाड असतं. चित्राचा आणि संदर्भाचा अशा दोन किरणांमध्ये ६० अंशांचा कोन धरला, तर लेसरच्या ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीला, ते मिसळून थरात उमटणाऱ्या उजळ-काळ्या पट्ट्यांमधलं अंतर ०.६३ मायक्रॉन येतं. या अंतराला जाडीने भागून थरातला कोन मिळवला, त्यावरून हवेतला कोन काढला, की पहिलं चित्र पूर्ण विझायला सुमारे ९ अंश लागतात. ३ अंशांवर ते अजून दोन तृतीयांश उजळ असणारच.

म्हणून कोन ९ अंशांच्या आसपास ठेवा. ‘जास्त फिरवलं की जास्त सुरक्षित’ हे मात्र खरं नाही : १३ अंशांजवळ सुमारे ५ टक्के उजेड परत येतो, १८ ला पुन्हा विझतो. डेव्हलपिंगमध्ये थर आक्रसतो, तेव्हा आकडेमोडीवर विसंबू नका. आधी एकच होलोग्राम घ्या, धुऊन वाळवा, अर्ध्या-अर्ध्या अंशाने फिरवत फोटोडायोडचं (उजेड मोजणाऱ्या सेन्सरचं) वाचन घ्या आणि जिथे ते तळाला जातं तोच कोन वापरा.

एक्स्पोजरही वाटून द्या. एका चित्राला ४ सेकंद लागत असतील तर दोघांना २-२. दोन्हींना पूर्ण वेळ दिलात तर प्लेट काळवंडते. होल्डर फिरवल्यावर स्क्रू घट्ट करून तीन-चार मिनिटं थांबा, मगच शटर उघडा. एक्स्पोजरदरम्यान ६० नॅनोमीटरची हालचालही पट्ट्या पुसट करते, त्यामुळे रस्त्यावरची रहदारी ओसरल्यावर, रात्री काम करणं बरं.

प्रश्न : मग एका डिस्कवर शेकडो पानं (डेटाची चित्रं) कशी बसवतात?

उत्तर : जाड फोटोपॉलिमर (उजेडाने बदलणारं प्लास्टिक) वापरून. इनफेज कंपनीच्या ३०० जीबीच्या डिस्कमध्ये हा थर १.५ मिलिमीटरचा होता. वरच्याच मांडणीत एवढ्या जाडीला ०.०४ अंश पुरतात. पण पानं दुप्पट केली की प्रत्येकाचा उजेड चौथा हिस्सा उरतो. शिवाय पॉलिमर आक्रसलं किंवा तापलं की वाचनाचा कोन सरकतो. तो जुळवण्यासाठी लेसरची तरंगलांबी किंचित बदलावी लागते. खरा खर्च तिथे आहे.