अर्जावरचे नाव

प्रश्न : युरोपात स्थलांतरितांमधील बेरोजगारीचे कारण म्हणून भाषा आणि शिक्षण यांकडे बोट दाखवले जाते. मग तिथेच जन्मलेल्या, तिथल्याच शाळांत शिकलेल्या त्यांच्या मुलांनाही नोकरी मिळणे अवघड का जाते?

उत्तर : भाषा आणि शिक्षण ही कारणे खोटी नाहीत, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. लिंझ विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी जर्मनीतील कंपन्यांकडे काल्पनिक तरुणींचे अर्ज पाठवले आणि त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध केले. जर्मनीत अर्जासोबत छायाचित्र जोडण्याची प्रथा असल्याने तिन्ही प्रकारच्या अर्जांवर चेहरा एकीचाच होता. शिक्षण जर्मनीतलेच, पात्रताही सारखीच. झान्ड्रा बाउअर या जर्मन नावाला 18.8 टक्के अर्जांवर मुलाखतीचे बोलावणे आले, मेरियेम ओझ्टुर्क या तुर्की नावाला 13.5 टक्के, आणि त्याच मेरियेमने डोक्याला रुमाल बांधला तेव्हा अवघे 4.2 टक्के. इथे उमेदवाराच्या जर्मन भाषेला नावे ठेवायला जागाच उरत नाही.

कायदा नाही म्हणून हे घडते, असेही नाही. ब्रिटनने नोकरीतील वांशिक भेदभावाला 1968 मध्येच बंदी घातली आणि युरोपीय संघाने 2000 मध्ये सर्व सदस्य देशांसाठी तसा निर्देश काढला. मात्र ज्याला बोलावणेच आले नाही, त्याला आपल्याऐवजी कोणाला बोलावले हे कळत नाही. मग तो तक्रार कशाच्या आधारावर करणार?

देशादेशांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करताना मात्र जपून राहावे. ब्रिटनच्या जनगणनेत 1991 पासून वांशिक गट विचारला जातो. फ्रान्स नागरिकांची अशी वर्गवारी तत्त्वतः नाकारतो आणि जन्मस्थान व आईवडिलांचे मूळ एवढ्यावरच अंदाज बांधतो. भेदभाव मोजलाच नाही तर तो दिसणार कसा, हा टीकाकारांचा आक्षेप मला पटतो.

युरोपात ‘जिप्सी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या रोमा समाजाची अडचण आणखी वेगळी आहे, कारण ती अर्ज करण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना बौद्धिकदृष्ट्या मागे पडणाऱ्या मुलांसाठीच्या विशेष शाळांत मोठ्या प्रमाणावर धाडले जात असे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2007 मध्ये तो भेदभाव ठरवला. अशा शाळेतून बाहेर पडलेला माणूस पुढे काम शोधणेच सोडून देतो, तेव्हा तो बेरोजगारांच्या आकड्यातूनही गळतो, कारण त्या व्याख्येत काम शोधत असलेल्यांचीच गणना होते.