कोलोरॅडोत ट्रेकनंतर ताप उतरून परत आलाय, गोचीड चावली होती, काय करावं?

तुमचा भाऊ डेन्व्हरजवळच्या डोंगरात फिरून आला, चार दिवसांनी ताप, मग दोन दिवस बरा आणि आता परत ताप, असं लिहिलंय तुम्ही, तर हे कोलोरॅडो टिक फीव्हरसारखं, म्हणजे तिकडच्या गोचिडीतून येणाऱ्या तापासारखं वाटतंय. साधारण निम्म्या पेशंटमध्ये ताप असाच जाऊन परत येतो, सोबत थंडी, डोकं आणि अंग जबरदस्त दुखणं. व्हायरस आहे, त्यामुळे यावर खास औषध नाही, ॲन्टिबायोटिकने हा जात नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आराम, बस. ॲस्पिरिन मात्र नको. थकवा काही आठवडे राहू शकतो, घाबरू नका.

पण प्लीज त्याला आजच डॉक्टरकडे पाठवा आणि गोचीड चावल्याचं सांगायला लावा, कारण तीच गोचीड रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर पण देते, तो बॅक्टेरियाचा आणि जिवावर बेतणारा, त्याला डॉक्सीसायक्लिन हे ॲन्टिबायोटिक लवकर लागतं. अंगावर पुरळ, मान आखडणं, बरळणं दिसलं तर सरळ इमर्जन्सी. आणि कोलोरॅडो टिक फीव्हर निघाला तर सहा महिने रक्तदान नाही.

आपल्याकडे नाशिकला अंजनेरी, ब्रह्मगिरी करून आल्यावर गोचीड दिसली की लोक रॉकेल टाकतात नाहीतर काडीने चटका देतात, तसं करू नका हो, बारीक चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. आपल्याकडचा गोचिडीचा व्हायरस म्हणजे माकडताप, तो सिंधुदुर्गात सापडतो आणि तो असा सौम्य नाही.