जनुके बदललेल्या जिवाणूंमधली वलये: गणिताची सुरुवात ट्यूरिंगपासून करावी का?

जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंच्या थरात जी वलये उमटतात, त्यांचे गणित मांडताना गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांच्या 1952 च्या, रसायनांच्या अभिक्रिया आणि पसरणे यांतून आकृतिबंध आपोआप कसे उमटतात हे सांगणाऱ्या सिद्धान्तापासून सुरुवात करावी का, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरीत गणित शिकवतो आणि माझे उत्तर नकारार्थी आहे. त्या सिद्धान्ताला स्वतःची निर्मिती वाढवणारा, सावकाश पसरणारा एक रेणू आणि त्याला आवरणारा, बराच वेगाने पसरणारा दुसरा रेणू लागतो. जिवाणू एकमेकांना संदेश देण्यासाठी जे रेणू सोडतात ते मात्र साधारण सारख्याच आकाराचे असल्याने वेगांतला एवढा फरक साधणे अवघड जाते.

2005 मध्ये जैवअभियंते रॉन वाइस यांच्या गटाने ई. कोलाय या जिवाणूच्या थराच्या मध्यभागी संदेश सोडणाऱ्या पेशी ठेवल्या, आणि संदेशाची तीव्रता फार जास्त किंवा फार कमी असताना न चमकता केवळ मधल्या पातळीला चमकतील अशा पेशी भोवती पसरल्या. (संदेशाची जनुके व्हिब्रिओ फिशेरी या प्रकाशणाऱ्या सागरी जिवाणूची होती.) अशा वलयासाठी एकच समीकरण पुरते: संदेशाच्या बदलाचा दर म्हणजे विसरण (दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरणे) अधिक निर्मिती वजा ऱ्हास. विसरणांकाला (संदेश किती झपाट्याने पसरतो ते सांगणाऱ्या आकड्याला) ऱ्हासदराने भागून वर्गमूळ घेतले की संदेश साधारण किती अंतर पोहोचतो ते कळते, आणि वलयाची त्रिज्या त्याच अंतराच्या आणि पेशी ज्या पातळ्यांना चमकू लागतात आणि थांबतात त्या उंबरठ्यांच्या हिशेबाने ठरते.

2011 मधला प्रयोग मला अधिक रोचक वाटतो, कारण तिथे मध्यभागी कोणी संदेश देणारे बसवलेले नव्हते: पेशी स्वतःच संदेश सोडत आणि दाटी होऊन तो वाढला की त्यांचे पोहणे थांबेल अशी व्यवस्था केली होती, आणि पसरत्या वसाहतीमागे पट्टे एकामागून एक उमटत गेले. इथे पेशींच्या घनतेचे समीकरण वेगळे लिहावे लागते आणि त्यातली गतिशीलता संदेशावर अवलंबून ठेवावी लागते.

संगणकावर सोडवताना एका मितीपासून सुरुवात करावी. विसरणांक सेकंदाला 5×10⁻¹⁰ चौ. मीटर धरून जागेचे 0.1 मि.मी.चे खण पाडल्यास, साध्या पुरोगामी पद्धतीत (आताच्या किमतींवरून थेट पुढच्या क्षणाच्या किमती काढताना) कालपाऊल, म्हणजे दोन हिशेबांमधला वेळ, 10 सेकंदांपेक्षा मोठे चालत नाही. ते ओलांडले की शेजारच्या खणांत आलटून पालटून चढउतार दिसू लागतात, आणि विद्यार्थी त्यालाच आकृतिबंध समजतात. खण निम्मे आणि कालपाऊल चौथाई करून पाहावे. पट्ट्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये तेवढेच राहिले, तरच ते समीकरणातून आलेले आहे असे मानावे.