टीआरएस-८० कलर कॉम्प्युटर : रंग, आवाज आणि इतर खोड्या

(टीआरएस-८० कलर कॉम्प्युटर, थोडक्यात ‘कोको’, हा टँडी कंपनीचा जुना घरगुती संगणक. बेसिक भाषेतल्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, यंत्रावर त्या रोमन अक्षरांतच टाइप कराव्यात. ‘जुने मॉडेल’ म्हणजे १९८० चे पहिले आणि त्यानंतरचे कोको २. कोको ३ वेगळे वागत असेल, तिथे तसे सांगितले आहे.)

प्रश्न : पीमोड ४ (सर्वांत बारीक ठिपक्यांची चित्र-पद्धत) मधला माझा खेळ कधी लाल आकाश दाखवतो, कधी निळे. प्रोग्रॅमला हात लावलेला नाही. व्हिडिओ चिप जायला लागली आहे का?

चिप ठणठणीत आहे. पीमोड ४ मध्ये मुळात रंगच नाहीत. २५६ बाय १९२ ठिपके, प्रत्येकाला एक बिट, म्हणजे पेटलेला किंवा विझलेला. तुम्हाला दिसणारे लाल-निळे टीव्ही तयार करतो. यंत्रातला मुख्य स्फटिक १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा आहे. ठिपके त्याच्या निम्म्या वेगाने बाहेर पडतात आणि अमेरिकन एनटीएससी पद्धतीची रंगवाहक लहर पाव वेगाची, म्हणजे ३.५८ मेगाहर्ट्झची असते. एक ठिपका पांढरा, पुढचा काळा अशी ओळ पाठवली की तिची चढउतार नेमकी रंगवाहकाच्या तालात पडते आणि टीव्ही तिला रंग समजतो. सम रकाने पेटवले तर एक रंग, विषम पेटवले तर दुसरा.

आता अडचण अशी की यंत्र सुरू होताना किंवा रिसेट होताना ठिपक्यांची घड्याळे रंगवाहकाच्या कुठल्या अर्ध्यावर जुळतील, हे ठरलेले नसते. दर वेळी नाणेफेक. एकदा जुळले की पुढच्या रिसेटपर्यंत तसेच राहते. प्रोग्रॅमला हे आतून ओळखता येत नाही, कारण स्मृतीतले बिट दोन्ही वेळा तेच असतात. म्हणून माणसालाच विचारावे लागते :

१० पीमोड ४,१ : स्क्रीन १,१ : कलर १,० : पीसीएलएस
२० फॉर एक्स=० टू २५४ स्टेप २
३० लाइन (एक्स,०)-(एक्स,१९१),पीसेट
४० नेक्स्ट
५० गोटू ५०

सगळा पडदा एका रंगाचा दिसेल. हवा तो नसेल तर मागचे रिसेट बटण दाबा (प्रोग्रॅम पुसला जात नाही) आणि पुन्हा रन द्या. दोन-चार प्रयत्नांत जमते. विकत मिळणारे खेळही ‘पडदा लाल होईपर्यंत रिसेट दाबा’ असेच सांगत.

स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये याहून सभ्य उपाय आहे. रंगीत ठिपका नेहमी ‘पीसेट (२*एक्स+एस,वाय)’ असा काढा, सुरुवातीला वापरणाऱ्याला दिसणारा रंग विचारा आणि एस ला ० किंवा १ द्या. आडवे रंगीत ठिपके यात १२८ च उरतात, पण रिसेटची कटकट संपते. कोको ३ वर एफ१ दाबून धरून रिसेट केले की जोडी उलटते.

पॅल (एनटीएससीहून वेगळी टीव्ही-पद्धत) यंत्रावर किंवा कोको ३ च्या आरजीबी मॉनिटरवर हे रंग मुळीच येत नाहीत, नुसत्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा दिसतात. तिथे टीव्ही दुरुस्त करून उपयोग नाही.

प्रश्न : ६४के बसवले, तरी ‘प्रिंट मेम’ (मोकळे बाइट) २४८७१ च सांगतो. चिपा खराब निघाल्या का?

नाही. हा आकडा बरोबर आहे, ३२के यंत्रावरही हाच येतो. ६८०९ या प्रोसेसरला एकूण ६४के पत्तेच दिसतात आणि त्यांतला वरचा अर्धा भाग बेसिकच्या रॉमने अडवलेला आहे. वरची स्मृती ६५५०३ या पत्त्यावर पोक (स्मृतीत थेट आकडा लिहिणारी आज्ञा) केल्यावर पुढे येते, पण त्याच क्षणी रॉम दिसेनासा होतो. आधी रॉमची नक्कल स्मृतीत न करता हा पोक दिलात तर यंत्र लटकते.

चिपा ओळखण्यापुरते आकडे लक्षात ठेवा. एक्स्टेंडेड बेसिक, डिस्क नाही : १६के वर ८४८७, ३२ किंवा ६४के वर २४८७१. डिस्क कंट्रोलर लावला की आणखी २०४८ कमी. ६४के यंत्र ८४८७ दाखवत असेल तर मात्र शंका घ्या, आणि चिपांच्या आधी जंपर तपासा.

जागा खरोखरच कमी पडत असेल तर पीक्लीअर १ द्या. सुरुवातीला चित्रांची चार पाने राखलेली असतात. प्रत्येक पान १५३६ बाइटचे, म्हणजे तीन सोडली की ४६०८ बाइट मिळतात. एक्स्टेंडेड बेसिक १.० मध्ये ही आज्ञा प्रोग्रॅमच्या ओळीत दिली तर पहिल्या रनला एसएन एरर (वाक्यरचनेची चूक) येते, कारण प्रोग्रॅम स्मृतीत सरकतो आणि बेसिकचा चालू ओळीचा निर्देशक जुन्याच जागी राहतो. ती लोड करण्यापूर्वी थेट टाइप करावी. १.१ मध्ये ही चूक नाही.

प्रश्न : कॅसेटवर नीट चालणारा चित्राचा प्रोग्रॅम डिस्क लावल्यावर काहीच काढत नाही. मधूनच डिस्कही बिघडते.

तुमच्या प्रोग्रॅमच्या यादीत १५३६ पासून पोक आहेत, घोटाळा तिथेच आहे. आणि डिस्क ‘मधूनच’ बिघडत नाही, तुमचा प्रोग्रॅम ती बिघडवतो.

डिस्क नसताना चित्राचे पहिले पान १५३६ ला सुरू होते. कंट्रोलर लावला की डिस्क बेसिक १५३६ ते ३५८३ ही जागा स्वतःसाठी घेते आणि चित्रे ३५८४ पासून सुरू होतात. म्हणजे तुमचे ठिपके आता डिस्कच्या बफरमध्ये पडत आहेत. २०४८ पासून पुढे तर ड्राइव्ह ० च्या फाइल-वाटप तक्त्याची प्रत असते. ती खराब झाली आणि नंतर सेव्ह केले, तर खराब तक्ताच डिस्कवर जातो. दुरुस्ती पुरी होईपर्यंत ड्राइव्हमध्ये कामाची डिस्क ठेवू नका.

आकडा कायमचा काढून टाका आणि सुरुवातीलाच लिहा : ए=पीक(१८८)*२५६ (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणे). डिस्क नसताना पीक(१८८) ६ देतो, असताना १४. पीमोड ४ मध्ये एका ओळीला ३२ बाइट, तेव्हा ठिपक्याचा बाइट ए+३२*वाय+इंट(एक्स/८) या पत्त्यावर सापडेल.

प्रश्न : पोक ६५४९५,० दिल्यावर साउंडचे सूर चढतात आणि कॅसेट आयओ एरर देते.

साउंडचा सूर प्रोसेसर स्वतः फेऱ्या मोजून काढतो, वेगळी ध्वनी चिप नाही. या पोकने रॉममधला कोड ०.८९ ऐवजी १.७९ मेगाहर्ट्झने चालतो, त्यामुळे सूर जवळजवळ एक सप्तक वर जातो. लांबी मात्र बदलत नाही, कारण ती सेकंदाला ६० वेळा येणाऱ्या व्यत्ययावर (इंटरप्ट) मोजली जाते. साउंड ८९,१६ हा मध्य सा (पाश्चात्त्य सी) दोन्ही वेगांत साधारण एक सेकंदच वाजेल, सूर तेवढा वेगळा.

कॅसेटचेही तसेच. १ साठी २४०० हर्ट्झ, ० साठी १२००, हे हिशेब मूळ वेगावर बसवलेले आहेत. सीसेव्ह, सीलोड, डिस्क, प्रिंटर यांतल्या कशालाही हात घालण्यापूर्वी पोक ६५४९४,० देऊन वेग उतरवा. रिसेटनेही तो उतरतो. चुकून वेगात सेव्ह केलेली टेप वेगातच लोड करून पाहा. रेकॉर्डर चांगला असेल तर चालून जाते, हमी नाही. लोड झाली की लगेच मूळ वेगात पुन्हा सेव्ह करा.

६५४९७ चा पोक जुन्या मॉडेलवर देऊ नका, पडद्यावरचे चित्रच जाते. तो कोको ३ साठी आहे. आणि ६५४९५ सुद्धा प्रत्येक जुने यंत्र सहन करतेच असे नाही. करत नसेल तर त्यामागे लागू नका.

प्रश्न : टेपवरचे संगीत ऑडिओ ऑनने टीव्हीवर वाजवतो. जॉयस्टिक वाचली की आवाज बंद. शिवाय बटण दाबले की ‘@एबीसीडीईएफजी’ अशी अक्षरे उमटतात.

दोन्ही गोष्टी यंत्राच्या काटकसरीतून आल्या आहेत. आतला सहा-बिटी डीएसी (आकड्याचे व्होल्टेज करणारा भाग) एकच, तोच सूर काढतो आणि तोच जॉयस्टिकचा व्होल्टेज तुलनेने मोजतो. डीएसी, कॅसेट की कार्ट्रिज यांतला कुठला आवाज टीव्हीकडे जाईल, हे ज्या दोन रेषा ठरवतात त्याच जॉयस्टिकचा अक्षही निवडतात. म्हणून जॉयस्टिक(०) वाचण्याआधी रॉम आवाजच तोडतो आणि परत जोडत नाही. प्रत्येक वाचनानंतर ऑडिओ ऑन पुन्हा द्यावे लागते. तरी बारीक खंड ऐकू येईल, तेव्हा फेरीच्या प्रत्येक वळणाला वाचू नका, पाच-सहा वळणांत एकदा पुरते.

आणखी एक : चारही अक्ष खरे मोजले जातात ते फक्त जॉयस्टिक(०) ला. (१), (२), (३) त्या वेळचे साठवलेले आकडे परत देतात. (०) वगळून थेट (१) वाचणारे प्रोग्रॅम ‘जॉयस्टिक अडकली’ अशी तक्रार करत बसतात.

अक्षरांचे कारण वेगळे. बटणे कीबोर्डच्या ओळींच्या रेषांवरच जोडलेली आहेत. उजवे बटण पहिली ओळ जमिनीला जोडते, म्हणजे त्या ओळीतल्या सगळ्या कळा एकदम दाबल्यासारखे. डाव्याने एच ते ओ उमटतील. बटण पीक(६५२८०) ने वाचा : १२६ किंवा २५४ उजवे, १२५ किंवा २५३ डावे, १२७ किंवा २५५ म्हणजे काहीच नाही. खेळ संपताना इनपुट विचारणार असाल तर आधी ‘ए$=इनकी$ : इफ ए$<>"" देन’ करून त्याच ओळीकडे परत पाठवा आणि साचलेली अक्षरे रिकामी करा.

आकडे ० ते ६३ च्या टोकांना पोहोचत नसतील किंवा मधेच उड्या मारत असतील तर पोटेन्शिओमीटर मळला आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून दांडी वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

प्रश्न : पेंट दिला की रंग चौकटीबाहेर सांडतो.

कडेला एका ठिपक्याची फट आहे, किंवा पेंटमधला शेवटचा आकडा कडेच्या रंगाशी जुळत नाही. अपुऱ्या कंसाचे सर्कल आणि लाइन जिथे मिळतात तिथे आधी पाहा. पीमोड ३ मध्ये स्क्रीन १,० असेल तर रंग १ ते ४, स्क्रीन १,१ असेल तर ५ ते ८ वापरा.

प्रश्न : कार्ट्रिजला धक्का लागला की यंत्र लटकते. आणि पहिल्या मॉडेलचा डिस्क कंट्रोलर कोको २ वर चालतच नाही.

पहिल्याचा उपाय स्वस्त आहे. वीज बंद करा, वायर काढा. चालू यंत्रात कार्ट्रिज घालणे-काढणे हा चिपा जाळण्याचा हमखास मार्ग आहे. कार्ट्रिजच्या ४० पट्ट्या धागे न सुटणाऱ्या कापडाने आणि ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर नको. मुलामा गेला की पट्टी पुन्हा लवकर काळी पडते. यंत्रातल्या खाचेसाठी तेच कापड जाड पुठ्ठ्याला गुंडाळून चार-पाच वेळा आत-बाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या.

दुसऱ्याला सफाईचा उपयोग नाही. २६-३०२२ या जुन्या कंट्रोलरला १२ व्होल्ट लागतात. पहिले मॉडेल ते खाचेच्या २ क्रमांकाच्या पिनवर पुरवते, कोको २ त्या पिनवर काहीच देत नाही. एक तर ५ व्होल्टवर चालणारा नंतरचा कंट्रोलर घ्या, नाहीतर मध्ये मल्टी-पॅक (अनेक कार्ट्रिज जोडण्याची पेटी) लावा, त्याचा स्वतःचा १२ व्होल्टचा पुरवठा असतो. पण तोच मल्टी-पॅक पुढे कोको ३ ला जोडणार असाल तर आधी त्यात त्यासाठीचा बदल झालेला आहे का, ते पाहा.