बांबूची उडती भिंगरी का कलंडते, आणि ती नीट कशी बेतावी

प्रश्न थोडक्यात असा: सहावी-सातवीच्या मुलांसाठी दोन तळव्यांत घोळवून सोडायची बांबूची भिंगरी करायची आहे. पाते 12 सेंमी लांब, दीड मिमी जाड, शक्य तितके हलके केले आहे. तरी ती तीन-चार फूट वर जाऊन कलंडते आणि पडते. अजून हलकी करू का?

नको. घोटाळा तिथेच आहे. रबराच्या किंवा मोटारीच्या खेळण्याला हवेत असताना ताकद मिळत राहते. या भिंगरीला मिळते ती फक्त हातातून सुटेपर्यंत. तेवढ्या अर्ध्या सेकंदात पात्याच्या फिरकीत जे साठले, तेवढ्यावरच सगळे उड्डाण. अगदी हलके पाते झर्रकन फिरते खरे, पण हवेच्या विरोधाने तितक्याच पटकन थांबते. म्हणून एकूण वजनापेक्षा ते वजन कुठे आहे हे महत्त्वाचे. मध्यापासून 7 सेंमीवर ठेवलेला 1 ग्रॅम 2 सेंमीवरच्या 1 ग्रॅमच्या बारा पट फिरकी साठवतो, कारण इथे अंतराचा वर्ग मोजला जातो (49 आणि 4). तेव्हा मधला भाग मजबुतीपुरता ठेवून बाकी छाटा आणि टोकांना अंग राहू द्या.

मापे अशी घ्या. पात्यासाठी 15 सेंमी लांब, 15 मिमी रुंद, 7 मिमी जाड पट्टी. दांडी 4 मिमी व्यासाची, 16 ते 17 सेंमी लांब. तयार भिंगरी 5 ते 7 ग्रॅम भरली पाहिजे. 7 मिमी जाडी पातळ भिंतीच्या बांबूत मिळत नाही. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो, तो यासाठी उत्तम. बांबू पूर्ण वाळलेला हवा. ओला वापरला तर वाळताना आक्रसतो, भोक सैल पडते आणि पाते मुरडते. दोन गाठींमधलाच तुकडा घ्या, गाठीपाशी धागे वळलेले असतात आणि सुरी भलतीकडे जाते. पट्टीची सालीकडची बाजू वर ठेवा. कोरल्यावर वरच्या पृष्ठाचा जो भाग उरतो तो पात्याची पुढची कड बनतो. आपटणार तीच कड, म्हणून सालीचे घट्ट धागे तिथे असलेले बरे.

भोक आधी, कोरणे नंतर. पट्टी चौकोनी असते तोवरच भोक काटकोनात पाडता येते. मध्य दोन्ही बाजूंनी मोजून खूण करा. आधी 2 मिमीचे ड्रिल, मग दांडीपेक्षा किंचित बारीक, साडेतीन मिमीच्या आसपासचे. खाली लाकडाचा तुकडा दाबून धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना बांबू चिरतो. दांडीचे टोक कानशीने थोडे निमुळते करून ती दाबून बसेल असे बघा. चिकटवायचे मात्र सगळ्यात शेवटी.

आता दिशा, कारण सर्वाधिक भिंगऱ्या इथेच वाया जातात. उजव्या हाताचा माणूस उजवा तळवा पुढे ढकलतो, तेव्हा भिंगरी वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरते. दांडी खाली आणि पाते डावी-उजवीकडे आडवे, असे समोर धरा. उजव्या अर्ध्यात तुमच्यापासून लांबची कड उंच आणि जवळची खाली हवी. डाव्या अर्ध्यात बरोबर उलटे: जवळची कड उंच, लांबची खाली. कोरण्याआधी दोन्ही टोकांच्या कापावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारून घ्या. दोन्ही अर्ध्या एकाच बाजूला उतरत्या कोरल्या तर एक वर ओढते, दुसरी खाली, आणि भिंगरी हातातच गिरकी घेते. डावखुऱ्या मुलांसाठी पाते आरशातल्यासारखे उलटे कोरा. त्यांना उजव्या हाताची सवय करायला लावण्यापेक्षा हे सोपे आहे.

कोन किती? पात्याचे टोक हवेतून सर्वात वेगाने जाते, मध्याजवळचा भाग हळू. म्हणून टोकाला कोन कमी आणि आत जास्त हवा. कोनमापक लावत बसू नका, दोन कडांच्या उंचीतला फरक मोजा. मध्य आणि टोक यांच्या बरोबर अर्ध्यावर हा फरक साडेपाच मिमी ठेवा, म्हणजे 15 मिमी रुंदीला साधारण 20 अंश होतात. टोकाला 3 मिमी, म्हणजे 11 अंशांच्या आसपास. मधे एकसारखा पीळ जुळवत न्या. एवढा पीळ मुलांना जमणार नसेल तर सगळीकडे सरळ 15 अंश (4 मिमी फरक) ठेवा. उंची थोडी कमी मिळेल, पण उडेल नक्की. कोन फार ठेवला तर पाते हवा कापण्याऐवजी ती नुसती ढवळते, सुटताना मोठा फर्र आवाज येतो आणि फिरकी लगेच मरते. फार कमी ठेवला तर भिंगरी बराच वेळ छान फिरत राहते, पण वर जात नाही.

कोरताना मधला 12 मिमी भाग पूर्ण जाड राहू द्या. पात्याची पुढची कड अडीच मिमी आणि गोलसर, मागची एक ते दीड मिमी. खालची बाजू सपाट, वरची किंचित फुगीर. शेवटचे 2 सेंमी मात्र 3 मिमीपर्यंत जाड ठेवा, वर सांगितलेले टोकाचे अंग ते हेच. टोकात तांब्याची तार किंवा शिसे भरूनही हेच साधते आणि उंची चांगलीच वाढते, पण मुलांच्या हातात धातूची टोके फिरवायला देऊ नका.

मग तोल. भोकातून टाचणी आडवी घालून पाते लोंबकळू द्या. जी बाजू खाली जाते ती जड. तिच्या मागच्या कडेवरून आणि खालच्या बाजूने पॉलिश पेपरने अगदी थोडे घासा, पुन्हा टांगा. पाते कुठल्याही स्थितीत थांबू लागले की तोल आला. पण एवढ्यावर थांबू नका. वजन सारखे असूनही कोन वेगळे असतील तर एक बाजू जास्त उचलते. दांडी बसवल्यावर ती सरळ उभी धरून सावकाश फिरवा आणि दोन्ही टोके शेजारी उभ्या केलेल्या मोजपट्टीवर एकाच रेघेवरून जातात का ते पाहा. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर दांडी तिरपी बसली आहे किंवा पाते मुरडले आहे. तुमच्या भिंगरीचे कलंडणे बहुधा या दोहोंतच आहे.

दांडीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ती लंबकासारखी खाली लोंबते म्हणून भिंगरी सरळ राहते, असे नाही. भिंगरी कलली की पात्याची ओढही तिच्याबरोबरच कलते, त्यामुळे लोंबते वजन वर जाताना तिला परत उभे करत नाही. तोल सांभाळते ती फिरकी. दांडीचे काम तळव्यांना घोळवायला जागा देणे आणि एकूण वजनाची वाटणी ठीक ठेवणे. दोन पात्यांच्या (म्हणजे अशा दोन अर्ध्यांच्या) भिंगरीत दांडी पात्याच्या पूर्ण लांबीहून बरीच आखूड असली तर भिंगरी डुगडुगते. पात्याएवढी किंवा एक-दोन सेंमी जास्त हे माप उपयोगी पडते. खाली येताना मात्र जड बाजू खाली राहायला दांडी खरोखर मदत करते.

दांडीच्या जाडीचा हिशेबही पाहा. तळवे एकमेकांवरून 15 सेंमी सरकले तर 4 मिमीची दांडी सहा फेरे घेते, 6 मिमीची चारच. मग 2 मिमीची का नको? ती घसरते, आणि पात्याला वेग द्यायला लागणारा फिरवण्याचा जोर तळव्यांना तिच्यावर लावताच येत नाही. लहान हातांना 4 ते साडेचार मिमी योग्य. दांडीला वार्निश लावू नका, गुळगुळीत दांडी हातात सुटते.

सोडताना दांडी उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांशी आणि डाव्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागाशी धरा. उजवा हात एका दमात पुढे, डावा मागे. दांडी डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांशी पोचली की तळवे उघडा. वर फेकायचे नाही, फेकताना ती तिरपी होते. पाते तोंडापासून लांब, किंचित पुढे झुकलेले, आणि पात्यावर वाकून कोणी बघायचे नाही. वर्गात एकाच वेळी चाळीस भिंगऱ्या उडणार असतील तर दोन पात्यांऐवजी तीन-चार पाती आणि त्यांची टोके जोडणारे पातळ कडे हा आराखडा घ्या. कड्याने टोके डोळ्यांना लागत नाहीत, फिरकीही जास्त साठते, आणि वजन सगळ्या दिशांना सारखे वाटले गेल्याने डुगडुग कमी होते.

हे खेळणे मुळात चीनचे. चिनी आणि जपानी दोन्ही भाषांतल्या त्याच्या नावाचा अर्थ एकच, बांबूचा चतुर (तो उडणारा कीटक). विमानविद्येचा आद्य इंग्रज अभ्यासक जॉर्ज केलीने 1796 मध्ये अशाच फिरत्या खेळण्यावर प्रयोग केले, ते दोन बुचांत प्रत्येकी चार पिसे खोचून आणि धनुकलीने फिरवून. वर्गात बांबू कोरायला वेळ नसेल तर एक बुच आणि चार पिसे हा त्याचा साधा प्रकार आजही चालतो, फक्त पिसांची तिरप सगळीकडे सारखी आणि एकाच दिशेला ठेवा.

पुढच्या नमुन्यात एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक बदलानंतर बंद खोलीत किंवा वारा नसताना पाच वेळा सोडा आणि हवेतला वेळ मोबाइलवर मोजा. एका उत्तम उड्डाणावर जाऊ नका, पाचांची सरासरी लिहा. दांडी फेविकॉलने पक्की केल्यावर रात्रभर उभी वाळू द्या. आडवी ठेवली तर ओल्या गोंदातच ती एका बाजूला झुकते आणि सगळा तोल पुन्हा काढावा लागतो.