चेंगडूच्या बालवाडीत शिकवायला निघण्याआधी

प्रिय मुली,

चीनमधल्या चेंगडूच्या बालवाडीचं बोलावणं आलं हे वाचून फार बरं वाटलं. जावं की नाही, असं विचारलं आहेस. माझं उत्तर: जा. पण एक गोष्ट मनाशी पक्की करून जा. तिथे परदेशी शिक्षक पुष्कळदा दुकानाच्या पाटीसारखा वापरला जातो. माहितीपत्रकावर त्याचा फोटो छापायचा, सकाळी फाटकाशी उभं राहून त्याने मुलांना हात हलवायचा, पालक आले की त्याच्याकडून गाणी म्हणून घ्यायची. मुलं काय शिकली, हे तुला कोणी विचारेलच असं नाही. ते तुलाच हट्टाने स्वतःला विचारावं लागेल. त्यासाठीच एवढं लांबलचक लिहिते आहे.

आधी कागदपत्रांचं उरकून घेऊ. तुझा पासपोर्ट कॅनडाचा, पदवी तिथलीच, शिवाय शिकवण्याचं प्रमाणपत्रही आहे, म्हणून हे दार तुला उघडं आहे. भाषा शिकवायला येणाऱ्या परदेशी माणसाने आपली मातृभाषा शिकवावी आणि पदवीही ती भाषा बोलणाऱ्या देशातली असावी, असा तिथला नियम. इंग्रजीच्या बाबतीत व्यवहारात त्याचा अर्थ होतो अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पुण्या-नाशिकची, उत्तम इंग्रजी बोलणारी, बी.एड. झालेली मुलं मला विचारतात तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगते की भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिक्षकाचा परवाना मिळणं जवळजवळ अशक्य आहे. ‘बिझनेस व्हिसावर या, पुढचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका, हेही सांगते. ते तुलाही लागू आहे. कामासाठी झेड व्हिसाच हवा. उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा, आणि घरात राहायला गेलीस की २४ तासांत पोलिस ठाण्यात नोंद करायची. बेकायदा काम करताना सापडलं तर ५ ते २० हजार युआन दंड होतो आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडीही. परवान्यावर ज्या संस्थेचं नाव असेल तिथेच शिकवायचं. मालकिणीच्या मैत्रिणीचा शनिवारचा क्लास, ‘फक्त एक तास’, असलं काही आलं तर हसून नाही म्हण.

पदवी आणि पोलिसांचा दाखला, दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, करून घे. चीनमध्ये अपोस्टिल ७ नोव्हेंबर २०२३ पासून चालतं आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून मिळतं, त्यामुळे वकिलातीच्या फेऱ्या वाचल्या. करार दोन भाषांत येईल आणि वाद झालाच तर बहुधा चिनी प्रतच खरी धरली जाईल. ती कुणा जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नकोस. वर्षभराच्या करारात चाचणीचा काळ कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. नोकरी सोडताना सोडल्याचा दाखला मिळेल, हे वाक्य करारात असू दे. तो नसला की पुढच्या शाळेचा परवाना अडतो.

शाळेची तब्येतही बघून घे. २०१६ साली चीनमध्ये पावणेदोन कोटींहून जास्त बाळं जन्मली. २०२३ साली ९० लाख. एवढी घसरण झाल्यावर बालवाड्या बंद पडणारच, आणि पडताहेत. म्हणून मुलाखतीत एक साधा प्रश्न विचार: तीन वर्षांच्या मुलांच्या शिआओबानमध्ये किती मुलं आहेत आणि पाच-सहा वर्षांच्या दाबानमध्ये किती? खालचा वर्ग वरच्यापेक्षा फारच रोडावलेला असेल तर पगार किती महिने वेळेवर होईल, याचा विचार कर.

आता मुलांबद्दल.

शाळा तुला चित्रांची कार्डं देईल आणि आठवड्याचे दहा-बारा शब्द देईल. कार्ड दाखवायचं, शब्द म्हणायचा, वर्गाने एका सुरात तो परत म्हणायचा. मुलं हे झकास करतात, आणि संध्याकाळी त्यांना त्यातलं काही वापरता येत नाही. मला हा प्रकार मनापासून नापसंत आहे. त्या दहांतले चार शब्द घे आणि ते मुलांच्या हातापायांना करायला दे. उभं राहा, लाल ठोकळा आण, तो मैत्रिणीला दे, खिडकीपाशी जा. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हीच पद्धत नीट मांडली: आधी ऐकून कृती, बोलणं मागाहून. तीन-चार वर्षांच्या मुलांना याहून चांगलं मला आजवर काही सापडलेलं नाही. वीस मिनिटांच्या वर धडा ताणू नकोस.

तुझं खरं शिकवणं मात्र धड्याच्या वेळेबाहेर होणार आहे. चेंगडूत हिवाळा दमट आणि बोचरा असतो, आणि दक्षिणेकडच्या शहरांना सरकारी हीटिंग नाही. मुलं थरावर थर चढवून येतात. अंगणात जाताना जाकिटं चढवायची, परत आल्यावर उतरवायची, पाठीला घाम आलाय का बघायचं, प्रत्येकाने आपल्या पेल्यातून कोमट पाणी प्यायचं, हात धुवायचे. यात सहज पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि परदेशी शिक्षक तेवढ्यात कोपऱ्यात जाऊन फोन बघतात. तू तिथेच थांब. ‘बाही वर कर’, ‘दुसरा हात’, ‘चेन अडकली का?’, ‘घोटभर पी’ हे सगळं रोज, त्याच शब्दांत, इंग्रजीत बोल. त्या शब्दांची मुलाला त्या क्षणी गरज असते. महिन्याभरात एखादं पोर स्वतःहून चेन पुढे करून तुझ्याशी इंग्रजीत बोलेल, कुणी बोलायला न लावता. यासाठी तू तिथे चालली आहेस.

काही मुलं कित्येक महिने तोंड उघडणार नाहीत. त्यांना उभं करून बोलायला लावू नकोस. सांगितलेलं ती करतात का एवढंच बघ. करत असतील तर त्यांचं शिकणं व्यवस्थित चाललं आहे.

उच्चारांचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यावरून मुलांना उगाच बोलणी बसतात. चिनी भाषेत अक्षराचा शेवट स्वराने होतो, नाहीतर ‘न’ किंवा नाकातल्या ‘ङ’ने, उत्तरेकडे ‘र’नेही. त्यामुळे ‘डॉग’चं ‘डॉगा’ होतं आणि ‘कॅट’मधला ‘ट’ गळून पडतो. ‘व्ही’ आणि ‘थ’चे इंग्रजी उच्चार त्यांच्याकडे नाहीत. चेंगडू ज्या प्रांतात आहे त्या सिचुआनच्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ एकमेकांत मिसळतात, म्हणून ‘नाइट’ आणि ‘लाइट’ त्या मुलांना एकच ऐकू येतात. घरात आजी तसंच बोलते. ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींना बोलताना एकच ‘ता’, तेव्हा इंग्रजीत आईला ‘तो’ म्हणणारं मूल गोंधळलेलं नसतं. या वयात यातलं काही अडवून सुधारायचं नाही. तू बरोबर रूप पुन्हा म्हण आणि पुढे जा.

एक गोष्ट मराठी कानाला पटकन कळेल. आपण ‘प’ आणि ‘फ’ वेगळे ऐकतो, तसंच त्या मुलांचंही आहे. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, ‘बी’ लिहितात त्याचा उच्चार आपल्या ‘प’जवळचा आणि ‘पी’ लिहितात त्याचा महाप्राण ‘फ’जवळचा. म्हणून महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्या आपल्या लोकांचा, श्वास न सोडता उच्चारलेला ‘पेन’ त्यांना ‘बेन’ ऐकू जातो. तू टोरांटोत वाढलीस, तुझ्या तोंडून तो श्वास आपोआप सुटतो. घरी आईशी बोलताना येणारा ‘प’ वर्गात येऊ देऊ नकोस, एवढंच.

दाबानच्या पालकांना घाई असते: मुलाला वाचता कधी येणार? पहिलीत गेल्यावर ही मुलं पिनयिन शिकणार आहेत, त्याच रोमन अक्षरांत. तिथे ‘क्यू’ म्हणजे ‘छ’ आणि ‘एक्स’ म्हणजे ‘श’. वर्षभर आधी त्याच अक्षरांना इंग्रजी आवाज चिकटवण्याची घाई मला पटत नाही. कायदाही तुझ्या बाजूने आहे. बालवाडीत इंग्रजीसकट प्राथमिक शाळेचे धडे आधीच शिकवू नयेत, असं शिक्षण मंत्रालयाने २०१८ साली बजावलं होतं, आणि १ जून २०२५ पासून लागू झालेल्या बालशिक्षणाच्या कायद्यातही प्राथमिकचा अभ्यास बालवाडीत आणायला मनाई आहे. पालकांशी बोलताना मुख्याध्यापिकेला याचा आधार घेता येतो. तिला तो आडून, एकटीला गाठून सुचव.

वर्गात तुझ्याबरोबर एक चिनी शिक्षिका असेल. तिचा पगार तुझ्याहून बराच कमी आणि कामाचे तास जास्त, हे एका क्षणासाठीही विसरू नकोस. कोण रात्री झोपलं नाही, कोणाचे आईबाप दुसऱ्या शहरात आहेत, कोणाला अंडं चालत नाही, हे तिला ठाऊक असतं. मुलं दुपारी झोपली की दहा मिनिटं तिच्याशेजारी बस आणि उद्याचा धडा तिला दाखव. तुझ्या प्रत्येक वाक्यामागे ती चिनीत भाषांतर करत असेल तर मुलं तुझं ऐकणं सोडून तिची वाट बघतात. हे तिला सांगावंच लागेल, पण इतरांसमोर कधीही नाही. पालकांपुढे श्रेय आधी तिला दे. सांभाळणाऱ्या मावशी असतात, त्यांना तिथे आयी म्हणतात. त्यांना रोज नावाने नमस्कार कर. मुलांचीही घरची नावं शिक. पालकांनी ठेवलेलं इंग्रजी नाव काही मुलांना आपलं वाटत नाही आणि हाक मारली तरी ती वळत नाहीत. घरी ती दोउदोउ असतात, लेले असतात. (हो, लेले! तुला एक तरी भेटेल.)

पालकांना व्हीचॅटच्या (तिथल्या निरोपांच्या अ‍ॅपच्या) गटात व्हिडिओ हवे असतात, आणि १ जूनच्या बालदिनाला नाटुकलं हवं असतं, ज्याच्या तालमी आठवडेच्या आठवडे चालतात. त्यात वाईट काही नाही, त्यांनी फी भरलेली असते आणि पोरांचं कौतुक असतं. फक्त कार्यक्रमासाठी नवीन काही घोकून घेऊ नकोस. रोज जे करता तेच मंचावर न्या. जाकीट चढवण्याचंही नाटुकलं होतं. व्हिडिओ पाठवताना मूल ऐकून काही करतंय असा पाठव आणि खाली दोन ओळी लिही की बघा, हे त्याला समजलं. पालक हळूहळू तसंच बघायला शिकतात.

आता एक अवघड गोष्ट. काही पालकांना ‘परदेशी’ म्हणजे गोरा चेहरा हवा असतो. एखाद्या आईने तुझ्यादेखत मुख्याध्यापिकेला ‘ही खरंच कॅनडाची का?’ असं विचारलं तर तुला दुखेल. माझ्या बाबतीत असं बरेचदा झालं आणि दर वेळी दुखलं. त्यावर उपाय म्हणून आपलं मूळ लपवायचं नाही, एवढं माझ्यासाठी कर. मी कॅनडाची, माझे आईबाबा महाराष्ट्रातले, असं सरळ सांग. मुलांना न्यायला बहुधा आजी-आजोबा येतात, आणि त्या पिढीत सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचं नाव, त्यांच्या भाषेत के दीहुआ, ओळखणारे पुष्कळ आहेत. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर गेले, चिनी शिकले, जखमींवर उपचार करत राहिले आणि डिसेंबर १९४२मध्ये तिथेच वारले. त्यांच्या गावाकडच्या भागातली म्हटल्यावर एखाद्या आजोबांनी माझा हात हातात घेतल्याचंही मला आठवतं.

तूही चिनी शिक. वर्गात वापरण्यासाठी नको. पोट दुखतंय, शू आलीय, आई कधी येणार, एवढं मूल सांगेल तेव्हा ते तुला कळायला हवं. रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाशी इंग्रजीच बोलायचं, असा आग्रह धरणाऱ्या शाळा आहेत. त्यांचं ऐकू नकोस.

घरच्यांशी बोलण्याची सोय निघण्याआधी लाव. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि जीमेल चालत नाही, आणि भारतात जून २०२०पासून व्हीचॅटवर बंदी आहे. टोरांटोचं जमेल, साताऱ्याच्या आजीशी कसं बोलणार, ते आजच ठरव.

शेवटचं सुट्टीबद्दल आणि सोडून येण्याबद्दल. वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि जुलैत संपतं. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, मोठ्या सुट्टीत घरी गेलेले पुष्कळ परदेशी शिक्षक परत येतच नाहीत. मार्चमध्ये मुलं दाराकडे बघत राहतात आणि त्यांना कोणी काही सांगत नाही. मग नवी व्यक्ती येते, आणि मुलं तिच्याजवळ जायला आणखी वेळ घेतात. तू वर्ष पुरं करणार नसशील तर आताच नकार कळव, त्यात काही कमीपणा नाही. जाणार असशील तर करार जुलैअखेरपर्यंतचा करून घे, आणि निघायच्या दोन-तीन आठवडे आधी मुलांना स्वतः सांग, चिनीत, त्यांना समजेल असं. तेवढी वाक्यं मी तुला लिहून पाठवीन.

आईबाबांना नमस्कार.

तुझी,
मावशी